लाकडातला करंट

खांबमामा कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावत. दाराची कडी असो, नळ असो, बसमधली दांडी असो, नाहीतर बायकोने पुढे केलेला चहाचा कप असो. आधी बोटांची मागची बाजू हळूच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मग वस्तू हातात घ्यायची. नवख्या माणसाला वाटे, गृहस्थ भलताच टापटिपीचा दिसतो, हात मळू नयेत म्हणून जपतो. तसं काही नव्हतं. मामा वीज कंपनीत लाइनमन होते. तारेला तळहात लावला आणि तिच्यात वीज असली, तर मूठ आपोआप आवळते आणि तार सुटत नाही. उलटा हात लावला तर झटक्यासरशी हात मागे उडतो आणि माणूस वाचतो. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बायकोचा हात हातात घ्यायची वेळ आली, तेव्हाही त्यांनी आधी उलटा हात लावून पाहिला होता.

"तेव्हाच ओळखायला हवं होतं मी," मामी सांगत. "पण झटका मलाच बसायचा होता ना."

त्यांच्या गँगची एक जुनी पद्धत होती. लाइन बंद केली, टेस्टर लावून पाहिला, उरलीसुरली वीज जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा दांडा तारेवर अडकवला, म्हणजे पुस्तकाप्रमाणे तार मेली. पण पुस्तक लिहिणारा खांबावर चढत नाही आणि तारा पुस्तक वाचत नाहीत. शेजारून दुसरी जिवंत लाइन जात असली, तर मेलेल्या तारेतही कधीकधी बारीक चुणचुण उरते. म्हणून शेवटी गँगमधल्या सर्वांत जुन्या माणसाने तारेला उलटा हात लावायचा आणि "थंड!" अशी आरोळी द्यायची. ती आल्याखेरीज दुसऱ्या कुणी तारेला बोट लावायचं नाही. चुणचुण लागली तर "गरम!" म्हणायचं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासायचं.

हा मान मामांचा होता. त्यांच्या बोटांना चूक होत नाही असा गँगमध्ये समज होता आणि मामांच्या मनात तर तो समज नव्हता, ते ज्ञान होतं. त्यांच्या जोडीला खांबावर चढणारा एक उंच, लांब मानेचा गडी होता. त्याला सगळे उंट्या म्हणत. मामांनी "थंड" म्हणायचा अवकाश, की उंट्या त्या तारेला असा बिनधास्त हात घालायचा, जशी ती घरची कपडे वाळत घालायची दोरी. घरी दोन लेकरं असलेल्या माणसाने एवढा विश्वास दुसऱ्याच्या बोटांवर टाकावा, याचं कुणालाच नवल वाटत नसे. उंट्याला तर नाहीच नाही.

मग एके दिवशी मामांना झटका बसला. चूक त्यांची नव्हती. काम संपलं होतं, अर्थिंगचा दांडा काढून खाली दिला होता आणि मामा वर एक शेवटचा नट आवळत होते. तेवढ्यात लाइट येत नाही म्हणून कंटाळलेल्या एका हॉटेलवाल्याने आपला जनरेटर सुरू केला आणि त्या शहाण्याने तो असा जोडलेला होता, की सगळी वीज उलटी लाइनवर चढली. मामा पट्ट्याला लटकले. उंट्याने त्यांना खाली आणलं, छातीवर दाब दिला आणि मामा शुद्धीवर आले ते थेट त्याला शिव्या देतच. त्यावरून सगळ्यांनी ओळखलं, की मामा वाचले.

अंगावर दोनच डाग पडले होते. एक उजव्या तळहातावर, जिथून वीज आत शिरली, आणि एक डाव्या टाचेवर, जिथून ती बाहेर पडली. आत कुठून कुठे हिंडली ते कुणी पाहिलं नव्हतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "बाहेरून काही दिसत नसलं तरी एवढा मोठा करंट आत नसांना भाजत जातो. नसांचा त्रास कित्येक महिन्यांनीही डोकं वर काढू शकतो. झिणझिण्या, बधिरपणा, झोप उडणं, विसरभोळेपणा, चिडचिड. असं काही वाटलं तर लगेच या."

मामा शर्टाची बटणं लावत होते. त्यांनी त्यातलं काहीच मनावर घेतलं नाही. मामींनी मनावर घेतलं ते फक्त शेवटचं.

"चिडचिड लग्नापासूनच आहे हो," त्या म्हणाल्या. "ती कुठल्या करंटची धरायची?"

डॉक्टर हसले, मामा चिडले आणि तो विषय तिथेच बुडाला.

विश्रांती झाली, जखमा भरल्या, मामा पुन्हा खांबावर चढू लागले. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग एके सकाळी टॉवेल घ्यायला त्यांनी लोखंडी कपाटाला हात लावला आणि हात मागे घेतला. बोटांत बारीक मुंग्या आल्या होत्या. पुन्हा लावला. पुन्हा मुंग्या.

आता तुमच्या-माझ्यासारख्याला मुंग्या आल्या तर आपण हात झटकू, चोळू, फार तर बायकोला सांगू. पण अर्धं आयुष्य तारांवर घालवलेल्या माणसाला बोटांत चुणचुण झाली, की त्याचा एकच अर्थ होतो. मामा घरभर ऐकू जाईल असे ओरडले, "कुणी हात लावू नका! कपाटात करंट आहे!"

टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. मामांनी टेस्टरकडे तुच्छतेने पाहिलं आणि नवा आणला. तोही पेटला नाही. "हल्ली माल कसला येतो," मामा म्हणाले आणि आपल्या बोटांवर विसंबून तपासाला लागले. कपाटात करंट होता. नळात होता. खिडकीच्या गजांत होता. मामींच्या शिवणयंत्रात तर भरपूरच होता, म्हणजे ते पायाने चालवायचं यंत्र, ज्याचा विजेशी कधी संबंध आला नव्हता.

"हे माझ्या आईचं मशीन आहे," मामी म्हणाल्या. "ह्याच्यात वीज घालायला कोण आलं होतं?"

"जमिनीतून चढते," मामा म्हणाले. "तुला नाही कळायचं."

मग घराचं जे काही झालं ते पाहून वैऱ्यालाही दया आली असती. भिंतीतल्या सगळ्या वायरी उपसून नव्या घातल्या. अंगणात खड्डा खणून नवं अर्थिंग केलं. ते पुरेना म्हणून दुसरा खड्डा खणला आणि त्यात मामींनी जपलेलं लिंबाचं झाड गेलं. कपाट रबराच्या तुकड्यांवर उभं राहिलं, शिवणयंत्र फळीवर गेलं, आणि फळी हलायची म्हणून शिवण वाकडी जाऊ लागली. घरात प्रत्येकाने रबरी चपला घालायच्या असा हुकूम सुटला. घरात प्रत्येक जण म्हणजे मामीच, मुलगी केव्हाच परगावी नांदत होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, टेस्टर दाखवत नाही तर नसेल करंट." तिलाही दोन शब्द ऐकावे लागले.

एवढं करूनही मुंग्या जाईनात, तेव्हा मामांची नजर शेजारी गेली. शेजारी एक इस्त्रीवाला होता. त्याची इस्त्री दिवसभर चालू असे, म्हणजे गुन्हेगार हातासरशी मिळाला.

"तुझी इस्त्री माझ्या घरात वीज सोडते," मामा त्याला म्हणाले.

"मामा, माझी इस्त्री कोळशाची आहे," तो म्हणाला आणि झाकण उघडून निखारे दाखवले.

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. मामांनी निखारे पाहिले, इस्त्रीच्या दांड्याला उलटा हात लावला, मुंग्या घेतल्या आणि म्हणाले, "मग तुझ्याकडेही शिरलाय."

इस्त्रीवाला घाबरला. घाबरणारच. गल्लीत विजेचं दुसरं कुणाला काय कळत होतं? मामा म्हणतात तर असेल, असं म्हणत त्याने हात लावून पाहिला आणि त्यालाही काहीतरी जाणवलं. संध्याकाळपर्यंत ते वाण्याला जाणवलं. दुसऱ्या दिवशी निवृत्त मास्तरांना गुडघ्यात जाणवलं. मास्तरांचा गुडघा गेली कित्येक वर्षं दुखत होता, पण आता त्याला कारण मिळालं म्हणून ते एकदम टवटवीत दिसू लागले. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते असं. बघता बघता अख्खी गल्ली रबरी चपला घालून फिरू लागली आणि जो तो ज्या त्या वस्तूला उलटा हात लावून पाहू लागला. भाजीवालीसुद्धा सुटे पैसे घेताना आधी बोटं टेकवून बघायची. मामांना कृतकृत्य वाटत होतं.

फक्त मामींना काही जाणवत नव्हतं. त्या मुकाट्याने वाकडी शिवण उसवत आणि पुन्हा घालत बसत.

खांबावर मात्र वेगळंच चाललं होतं. मामा तारेला उलटा हात लावत आणि मुंग्या येत. "गरम!" पुन्हा सगळं तपासायचं, पुन्हा दांडा लावायचा, पुन्हा हात. "गरम!" उंट्या बिचारा पट्ट्याला टेकून वर ताटकळत राही. खाली लोक जमत. कुणी विचारी, लाइट कधी येणार, तर उंट्या वरून सांगे, "तार थंड झाली की." लोक म्हणत, तार आहे का चहा? एकदा तर एवढा वेळ गेला, की ज्या दवाखान्याची लाइन होती तिथले लोक येऊन खांबाखाली उभे राहिले. शेवटी साहेब स्वतः आले. साहेब तसे भले होते, आवाजही कधी चढवत नसत.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही गरम म्हणालात तर मी कुणालाही हात लावू देणार नाही. पण तपासणीत रोज काहीच निघत नाही. तब्येत बरी आहे ना? काही असेल तर सांगा. खाली पुष्कळ कामं आहेत."

'खाली' हा शब्द मामांच्या जिव्हारी लागला. खाली म्हणजे स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजायचे, नाहीतर तक्रारीचे फोन घ्यायचे. खांबमामा आणि खाली! मग नुसता मामा उरला, आणि नुसते मामा घरोघरी असतात. "मला काय धाड भरलीय?" असं म्हणून त्यांनी विषय झटकला. पण त्या दिवसापासून त्यांच्या मनात खाली जाण्याची भीती बसली.

त्याच रविवारी मामी त्यांना बागेत घेऊन गेल्या. अंगणातल्या खड्ड्यांचा त्यांना वीट आला होता. बागेत लाकडी बाकावर दोघं बसली. मामांच्या पायात रबरी चपला, वर निळं आकाश, जवळपास खांब नाही, तार नाही. मामांनी बाकावर हात टेकवला आणि दचकून उचलला.

"काय झालं?" मामींनी विचारलं.

"करंट," मामा म्हणाले.

मामींनी बाकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "अहो, लाकडात?"

लाकडातून वीज जात नाही हे मामांना कुणी सांगायला नको होतं, ते तर शिकाऊ पोरांना हेच पहिल्या दिवशी सांगत. त्यांनी बाकाला पुन्हा हात लावला. मग स्वतःच्या पॅंटला लावला. मग हात नुसताच हवेत धरला. मुंग्या चालूच होत्या.

"ओलं असेल लाकूड," ते म्हणाले.

"उन्हाळा आहे," मामी म्हणाल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुमचा. करंट घरात नाही, तुमच्यात आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की नाही निघताना? मीही मेली हसण्यावारी नेलं." आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामांना बायकोचं रडणं सोसत नसे. त्यापेक्षा दवाखाना परवडला, म्हणून ते डॉक्टरकडे जायला कबूल झाले.

नसांच्या डॉक्टरीणबाई वयाने मुलीएवढ्या होत्या. त्यांनी कापूस फिरवला, टोचून पाहिलं, डोळे मिटून एका पायावर उभं राहायला लावलं. खांबावर तासन्‌तास उभा राहणारा माणूस सपाट फरशीवर डोलला, तेव्हा मामांनी फरशीला दोष दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. मग बाईंनी एका यंत्राच्या चकत्या हाताला चिकटवल्या.

"आता बारीकसा करंट देणार आहे. घाबरू नका हं."

मामांना हसू आवरेना. "बाई, मी मोठी लाइन खाऊन बसलोय. तुम्ही काय द्यायचा तो द्या."

कोपराजवळ दिला तेव्हा हात टणकन उडाला. मामांना बरं वाटलं. जुनी ओळख निघाली. मग बाईंनी बोटांना कड्या अडकवल्या आणि यंत्राकडे पाहत बसल्या. मामा वाट पाहत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "करा की चालू."

"चालूच आहे, काका," बाई म्हणाल्या.

मामांनी बोटांकडे पाहिलं. मग मामींकडे पाहिलं. मामी दुसरीकडे पाहत होत्या.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. तेव्हाच्या विजेने नसा दुखावल्या आहेत. अशा झटक्यानंतर हे उशिरा होऊ शकतं, त्यात नवल नाही. मुंग्या येतात ती नसांची आपली आपण चाललेली बडबड आहे, बाहेर करंट असायची गरज नाही. औषधाने ती बडबड थांबेल. पण स्पर्श किती परत येईल ते आज सांगता येणार नाही, कदाचित थोडा येईल, व्यायाम करत राहायचा. आणि तोवर खांबावर चढायचं नाही, कामावर तसं स्पष्ट कळवायचं.

"कळवतो," मामा म्हणाले. आणि मामींनी विश्वास ठेवला.

औषध लागू पडलं. हळूहळू मुंग्या ओसरल्या आणि एके सकाळी मामांनी कपाटाला हात लावला तर काही नाही. नळाला लावला, काही नाही. शिवणयंत्राला लावला, काही नाही. मामा लहान मुलासारखे हरखले. त्यांनी गल्लीत जाहीर केलं, की दुसऱ्या खड्ड्यातल्या अर्थिंगचा गुण आला आणि गळती बंद झाली. गल्लीने सुटकेचा श्वास टाकून रबरी चपला काढल्या. मास्तरांचा गुडघा तेवढा ऐकेना, पण तो पहिल्यापासूनच हट्टी होता.

मामींनी विचारलं, "कामावर सांगितलंत ना?"

"सांगितलं. स्टोअरला आहे सध्या," मामा म्हणाले आणि पट्टा पिशवीत तळाशी घालून बाहेर पडले.

खांबावर तर मामांचा थाट काय वर्णावा! टेस्टर झाला, दांडा लागला, उलटा हात टेकला, "थंड!" पुढचा खांब, "थंड!" त्याच्या पुढचा, "थंड!" कामं भराभर उरकू लागली. साहेब खूश झाले. उंट्या म्हणाला, "मामा, तुमचा हात परत जागेवर आला बघा." मामांनाही तसंच वाटत होतं. हात गप्प झाला म्हणजे बरा झाला, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरीणबाईंचं अर्धं बोलणं त्यांनी जपून ठेवलं होतं आणि अर्धं वाटेतच टाकून दिलं होतं. माणूस असाच करतो. बऱ्याचशा गोष्टींत मीही तेच करतो.

एका सुट्टीच्या दुपारी मामींच्या हातून सुई पडली. हातशिलाईची, बारीक. मामी चष्मा लावून शोधू लागल्या, पण सापडेना.

"थांब, पायात जाईल तुझ्या," मामा म्हणाले. आज ते खुशीत होते. ते फरशीवर बसले आणि तळहात पसरून कोपऱ्यापासून सगळी जमीन हळूहळू चाचपू लागले. यंत्राखाली, खुर्चीखाली, चिंध्यांच्या ढिगाभोवती. "सुई म्हणजे काय, हाताला लागल्याशिवाय राहील का? तुम्हा लोकांना शोधायचंच नसतं. नीट, शांतपणे हात फिरवला ना, की—"

"अहो," मामी म्हणाल्या.

"मध्ये बोलू नकोस. जाणवावं लागतं."

"अहो, हात वर करा."

मामांनी हात वर केला. सुई त्यांच्या मधल्या बोटात उभी होती. चांगली खोल गेली होती. मागे लोंबणाऱ्या दोऱ्याने फरशीवरचा सगळा कचरा गोळा करून आणला होता. मामा सुईकडे पाहत राहिले. त्यांनी तिला दुसऱ्या हाताने धरून उपटलं, तेव्हा रक्ताचा थेंब आला. दुखलं मात्र नाही.

मामींना आधी हसू फुटलं. कुणालाही फुटलं असतं, एवढा मोठा माणूस बोटात सुई घेऊन सुई शोधत होता. पण मामांचा चेहरा पाहून त्यांचं हसू मावळलं. तो पांढराफटक पडला होता.

"कुठे असता हो तुम्ही दिवसभर?" त्यांनी हळूच विचारलं. "खरं सांगा. स्टोअरला?"

मामांनी मान हलवली. नाही अशी.

"वर?"

"वर."

"आणि ते थंड-गरम?"

"मीच सांगतो."

मामी उठल्या. त्या ओरडतील असं मामांना वाटलं, ओरडल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं. त्यांनी यंत्रावरचा निळा झगा उचलला आणि मामांच्या मांडीवर ठेवला. "हा उंट्याच्या बायकोचा आहे. परवा माप द्यायला आली होती. म्हणाली, मामा वर असले की मला घोर नसतो." एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या.

मामा तो झगा मांडीवर घेऊन बसले. गेल्या कित्येक दिवसांत आपण किती खांबांवर किती वेळा ओरडलो, ते ते आठवू लागले आणि प्रत्येक वेळी त्यांना उंट्याचा हात दिसला, त्यांच्या शब्दामागून निवांत पुढे येणारा. त्या सगळ्या तारा खरोखर मेलेल्या होत्या. पण त्या मेलेल्या होत्या हे मामांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या बोटांना काही कळलं नव्हतं आणि ते छातीठोकपणे आरोळी देत होते. मामांना आयुष्यात कधी स्वतःची लाज वाटली नव्हती, तशी सवयच नव्हती. त्या दुपारी ती पहिल्यांदा वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगायचं असं ठरवून ते निघाले. पण साहेब बाहेर गेले होते, एका मोठ्या रस्त्यावर लाइन तुटली होती आणि गँग निघालीच होती. मामा गाडीत बसले. तोंड उघडायला धीर होईना. खांब आला. पट्टा बांधला. चढले. उंट्या समोरच्या बाजूने चढला. टेस्टर झाला, दांडा लागला. सवयीने मामांचा हात पुढे गेला आणि बोटांची मागची बाजू तारेला टेकली.

काही नाही. कपाटासारखं, फरशीसारखं, सुईसारखं काही नाही.

"थंड ना मामा?" उंट्याने विचारलं. त्याने हात पुढे केलाही होता.

"हात मागे घे!" मामा एवढ्या जोरात ओरडले, की उंट्या पट्ट्यात हिंदकळला.

"गरम आहे?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"मला कळत नाही," मामा म्हणाले. खाली गँग उभी होती, दुकानदार उभे होते, वर मान करून सगळे ऐकत होते. मामांनी मुद्दाम आवाज चढवला, म्हणजे पुन्हा माघार घेता येऊ नये. "माझ्या बोटांना काही कळत नाही! झटका बसल्यापासून हात कामातून गेलाय. इतके दिवस मी उगाच ओरडत होतो. मला शिव्या दे, काय करायचं ते कर, पण माझ्या शब्दावर हात लावू नकोस."

उंट्याने शिव्या दिल्या नाहीत. त्याने तारेकडे गेलेला हात मागे घेतला. मग म्हणाला, "आता सांगणार कोण?"

"तू."

"मला कुठे येतं?"

"तुझी बोटं आहेत ना जागेवर? मग येईल. घाई करायची नाही. उलटा हात."

मामा खाली उतरले. शेवटची पायरी उतरताना डावी टाच जमिनीला कधी लागली ते त्यांना कळलंच नाही. मग त्यांनी वर पाहिलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं, टेस्टर, दांडा, आणि उंट्याचा लांबलचक हात चाचरत तारेकडे निघाला. मामांनी अशा किती तारांना हात लावला असेल, पण कधी भीती वाटली नव्हती. आता खाली, पक्क्या जमिनीवर उभं राहून ती वाटत होती. वर असणाऱ्याला काम असतं. खाली असणाऱ्याला नुसतं बघायचं असतं. आणि घरी असणाऱ्याला तर बघायलाही मिळत नाही. हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. घरी जी होती, तिनेही नाही.

"थंड!" वरून उंट्याचा आवाज आला. बारीक, चिरका, पण आला.

"नक्की?" मामा ओरडले.

"नक्की!"

"मग लाव हात."

उंट्याने हात लावला आणि तार ओढून घेतली. मामांनी खिशातून फोन काढला. बोटांना बटणं कळेनात, म्हणून बघून बघून दाबावी लागली.

"मी खाली आहे," ते म्हणाले.

"खाली म्हणजे?" मामींनी विचारलं.

"खालीच. आता कायमचा."

पलीकडे यंत्राची घरघर थांबली. मामांना वाटलं फोन बंद पडला, नाहीतर आपला कानही गेला. मग मामींनी नाक ओढलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग येताना निळ्या दोऱ्याची रिळं घेऊन या. आणि रंग डोळ्यांनी बघा, हात लावून नको."